इथे टोचतंय

४ मार्च

ताई,

तू नेहमी म्हणतेस, ठोकळ्याचं पत्र म्हणजे पाऊस पडला, पाऊस थांबला आणि भावोजींना नमस्कार. आज हवापाणी सुचत नाही. माझ्यावर मोठं बालंट आलं आहे.

आमच्या कार्यशाळेत दरवर्षी येणारी ती मुलगी तुला आठवत असेल. लाकडी जिन्यावरून वर येऊ लागली की सगळ्यांना कळतं, म्हणून तिचं नाव टकटक पडलं. चार वर्षांची असताना मोटारीखाली डावा पाय गेला, गुडघ्याखाली वीतभर राहिला. तेव्हापासून तिचा प्रत्येक पाय मी केला. मूल वाढतं, तसा पाय बदलावा लागतो. आता ती अकरा वर्षांची आहे. माप देताना आधाराच्या दांड्या धरायच्या असतात, पण ती कधीच धरायची नाही. माझ्या खांद्याला धरायची, आणि माझ्या टकलावर वरून काय काय दिसतं ते सगळ्यांना ओरडून सांगायची.

डिसेंबरात तिला नवा पाय दिला. तो लागला. सॉकेट म्हणून एक खोलगट भाग असतो, उरलेला पाय त्यात बसवतात. तो आतून घासला, जखम झाली, चिघळली. पोर दवाखान्यात आहे. हाडाचं टोक दोन बोटं कापावं लागलं, आणि जखम अजून भरत नाही. गुडघा राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. ताई, गुडघा गेला तर सगळंच बदलतं. गुडघा असलेलं मूल आमच्या पायावर पळतं. नसलेलं मूल प्रत्येक पायरीशी थांबतं.

साचा कुठेतरी चुकला असावा. आमच्याकडे पायाचा प्लास्टरचा साचा काढतात, ते काम प्लास्टरवाल्या बाईंचं. त्या साच्यावर मी सॉकेट बनवतो. आता चौकशी बसली आहे. चोवीस वर्षं ज्यांचे पाय केले ती माणसं मला बघून बोलणं थांबवतात. मुलीची आई रोज सकाळी येऊन समोरच्या बाकावर बसते. भांडत नाही, काही नाही. माझ्या खिडकीकडे बघते, आणि दुपारी उठून दवाखान्यात जाते.

तू देवाजवळ बसतेस तेव्हा माझं नाव घे. यातून त्याला सहीसलामत बाहेर काढ, म्हणावं. मला हल्ली बसवत नाही.

तुझा
ठोकळ्या

११ मार्च

ठोकळ्या,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोणाच्यातरी कोटाची बाही मशीनवर होती, ती मी रागाच्या भरात उलटी शिवली. आता उसवत बसले आहे.

तू आणि चुकणार? माझ्या बाहुलीला पलंग केलास तेव्हा तिला तीनदा आडवी करून मोजलं होतंस. चौथ्यांदा मोजायला मागितलीस, तेव्हा मीच दिली नाही. आई म्हणायची, हा मुलगा झोपेतही फूटपट्टी शोधतो. आणि चार टवाळ माणसांचं ऐकून तू मान खाली घालून फिरतोस? ज्यांना तू पायावर उभं केलंस, तेच आता तोंड फिरवतात. कृतघ्न मेले.

तू स्वभावाने भिडस्त, म्हणून 'साचा कुठेतरी चुकला' असं मोघम लिहितोस. साचा काय आपण होऊन चुकतो? तो काढला कोणी? त्या बाईंनी. मग तसं तोंड उघडून सांगायला तुझी जीभ का जड होते? तू पहिल्यापासून असाच. शाळेत दुसऱ्याच्या खोड्यांसाठी मार खायचास आणि घरी येऊन मला म्हणायचास, जाऊ दे ताई.

मी रोज सकाळी देवाला सांगते आहे. तो खऱ्याच्या पाठीशी असतो, हे मी इतकी वर्षं बघत आले आहे. तू स्वस्थ राहा. धीर धर. निर्दोष माणसाला कशाची भीती?

यांचं अंथरूण सुटलेलं नाही, पाठीच्या जखमाही तशाच आहेत. दर दोन तासांनी कुशीवर वळवते, आणि दर दोन तासांनी बोलणी खाते. सध्या तेवढंच माझं फिरणं.

बाकी, तू भिडस्त असशील. मी नाही. मला जे करायचं होतं ते मी केलं आहे. आत्ता सांगत नाही, तुला कळेलच.

तुझी
ताई

२० मार्च

ताई,

आमच्या साहेबांना पत्र का लिहिलंस? मला एकदा विचारायचं तरी होतंस.

काल चौकशीत त्यांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. 'माझा भाऊ माप घेतल्याशिवाय भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. दोष साच्यात असेल तर साचा काढणाऱ्या हातांना विचारा.' वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, बहीण असावी तर अशी. मग त्यांनी फॉर्म काढला. 'साचा कोणी काढला' या रकान्यात प्लास्टरवाल्या बाईंचं नाव आहे. बाई म्हणाल्या, "हा साचा काढल्याचं मला आठवत नाही." साहेब म्हणाले, "दिवसाला सहा साचे काढता. आठवणार कसं?" निकाल लागेपर्यंत येऊ नका, असं त्यांना सांगितलं. बाईंनी एप्रन काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला आणि गेल्या. मी तिथेच होतो. मी नखांतलं प्लास्टर काढत बसलो होतो.

ताई, त्यांना आठवत नाही, कारण तो साचा त्यांनी काढलाच नाही. कोणीच काढला नाही.

आता सगळं लिहितो. काम झालं की साचा फोडायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी टकटकचे फोडले नाहीत. तिचे सात साचे माझ्या टेबलामागच्या फळीवर ओळीने उभे आहेत, प्रत्येकावर वर्ष घातलेलं. पहिला माझ्या मुठीएवढा आहे. मला मूलबाळ नाही, तुझी वहिनी गेल्यालाही सहा वर्षं झाली. कुणीतरी माझ्या डोळ्यांसमोर वाढत होतं, तेवढंच बरं वाटायचं. डिसेंबरात ती आली तेव्हा प्लास्टरच्या खोलीबाहेर ही रांग होती. मी तिचा पाय हातात घेतला आणि म्हटलं, हा पाय माझ्या हातांना पाठ आहे, तू कशाला रांगेत ताटकळतेस? मागच्या वर्षीचा साचा खाली काढला. वाढ धरून अंदाजाने त्याच्याभोवती प्लास्टरचा थर चढवला आणि त्याच्यावरच सॉकेट बनवलं. फॉर्मवर आकडे मनाने लिहिले. साचा कोणी काढला, तिथे सवयीने बाईंचं नाव घातलं.

मुलांच्या पायात हाड कातडीच्या पुढे धावतं. वर्षभरात तिच्या पायाच्या टोकाला नवं हाड आलं होतं, तिरकं. बाईंनी साचा काढला असता तर ते त्यांच्या बोटांना लागलं असतं. दर वेळी नवा साचा काढायचा तो ह्यासाठीच. हे मी नवीन लोकांना शिकवतो, ताई. मीच शिकवतो.

अजून एक राहिलं. पाय चढवल्यावर ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "इथे टोचतंय." मी म्हणालो, "माझे पाय टोचत नाहीत." हे माझं ठरलेलं वाक्य आहे, कार्यशाळेत त्याच्यावर सगळे हसतात. तीही हसली. मग तिने पुन्हा कोणालाच सांगितलं नाही. मोजे रक्ताने भरायचे ते स्वतः धुऊन वाळत घालायची. दवाखान्यात आईने विचारलं, का गं लपवलंस? तर म्हणाली, त्यांना वाईट वाटलं असतं.

हे तिच्या आईने मला बाकावरून सांगितलं. इतक्या दिवसांत ती माझ्याशी एवढंच बोलली.

तू लिहितेस, देव खऱ्याच्या पाठीशी असतो. मग माझ्या पाठीशी कोण आहे? 'वाचव' म्हणू, तर त्याचा अर्थ बाईंना बुडव असा होतो. 'धीर दे' म्हणू, तर कशासाठी, खोटं रेटायला? मी हात जोडतो आणि तसेच सोडतो. परवा पुलावर पाण्याकडे बघत उभा होतो, किती वेळ ते कळलं नाही. एका म्हाताऱ्याने किती वाजले विचारलं, तेव्हा भानावर आलो. हत्यारं पेटीत घालून कुलूप लावलं आहे. जिथे कोणाला पाय नको, अशा कुठल्यातरी गावी जावं, असं वाटतं. कुठेच जाऊ नये, असंही वाटतं. मला काहीच नको झालं आहे.

ठोकळ्या

२४ मार्च

ठोकळ्या,

आधी पुलाचं. त्या पुलावरून जायचं नाही. लांबच्या रस्त्याने जा, पायाचे तुकडे पडले तरी चालेल, पण पूल नाही. हे वाचतो आहेस तिथेच मान हलव. हलवलीस? आता पुढे वाच.

माझं मागचं पत्र फाडून टाक. मी काही बघितलं नव्हतं, काही विचारलं नव्हतं. घरात बसून एका बाईच्या पोटावर पाय दिला, आणि वर देवाचं नाव घेतलं. तुझं पत्र वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. साहेबांना आजच दुसरं पत्र टाकलं: माझ्या पत्राला काडीचा आधार नव्हता, ते चौकशीत धरू नये. तुझ्याबद्दल त्यात एक अक्षर लिहिलेलं नाही. ते तुझ्याच तोंडून जायला हवं. बाईंचा पत्ता नव्हता, म्हणून कार्यशाळेच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने तिसरं पत्र टाकलं आणि माफी मागितली.

तू विचारतोस, माझ्या पाठीशी कोण. मी शिकलेली नाही, मला जेवढं कळतं तेवढं लिहिते. आपण दोघं देवाला सांगत होतो, आमचं झाक. तो झाकणार नाही. सगळं उघडं पडेल, लोक तोंडावर बोलतील, आणि त्यातलं बरंचसं खरं असेल. तेव्हाही तो तुला टाकून जाणार नाही, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगते. सुटशील असं म्हणत नाही. टाकून जाणार नाही, एवढंच म्हणते. ह्याहून जास्त मला ठाऊक नाही, आणि असेल असं खोटं सांगणार नाही. एकदा सांगून झालं आहे.

आधी बाईंच्या घरी जा. मग साहेबांकडे. मी आले असते रे, तुझ्या मागे उभी राहिले असते. पण यांना वळवायला दुसरं कोणी नाही.

ताई

६ एप्रिल

ठोकळ्या,

तेरा दिवस झाले. पोस्टमन आता मला बघितल्यावर लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

बाईंचंही उत्तर नाही. त्यांनी उत्तर दिलंच पाहिजे असं थोडंच आहे.

मी साहेबांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे आहे. रोज काढून वाचते. नऊ ओळींत 'माझा भाऊ' पाच वेळा आलं आहे. त्या मुलीचा पाय एकदाही नाही.

काल देवाशी कडाक्याचं भांडले. म्हटलं, मी मोठ्या तोंडाने सांगितलं ना त्याला, की तू टाकणार नाहीस? आता माझं तोंड राख. मग रडले. यांनी आतून विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, कांदा. घरात कांदा नव्हता.

लिहायचं नसेल तर नको लिहूस. कोरा कागद पाकिटात घाल, पण पाकिटावर पत्ता तुझ्या हाताने लिही. अक्षर दिसलं तरी मला पुरेल.

ताई

१५ एप्रिल

ताई,

आहे. लांबच्या रस्त्याने जातो.

तुझं चोवीस तारखेचं पत्र वेळेवर मिळालं होतं. ते खिशात घालून रोज बाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. कोऱ्या कागदाचं तुझं पत्र आलं त्या दिवशी मात्र गेलो.

बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातांना साबण होता. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं बोललो. माझं संपल्यावर म्हणाल्या, "झालं? आता हेच साहेबांसमोर बोला. माझ्या दारात बोलून त्या फॉर्मवरचं माझं नाव जात नाही." मी वळलो, तशी म्हणाल्या, "थांबा. इतकी वर्षं तुम्ही मला सांगत आलात, बाई, प्लास्टर पातळ झालं, बाई, कड जाड आली. चार माणसांत सांगायचात. मी घरी येऊन रडायची, आणि दुसऱ्या दिवशी कड पातळ करायची. तुम्हाला कधी कोणी काही सांगितलंय? सांगायची सोय ठेवली होती तुम्ही?"

बाई आत हात धुवायला गेल्या, मी गल्लीतून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी चौकशीत उभा राहिलो आणि सांगितलं. मुलीची आई आत बसली होती. साहेबांनी फॉर्म पुन्हा काढून समोर ठेवला. मग एकेक जण बोलायला लागला. बरंचसं खरं होतं: कोणाचं ऐकत नाही, शिकाऊ लोकांना तुच्छ लेखतो, नियम दुसऱ्यांसाठी असतात. एक जण म्हणाला, दारू पिऊन काम करायचा. ताई, मी दारूला कधी शिवलेलो नाही, तुला माहीत आहे. मी उठलो, तोंड उघडलं. तेवढ्यात समोर बसलेल्या बाई दिसल्या. त्यांनाही त्या दिवशी एवढंच बोलता आलं होतं, आठवत नाही म्हणून. मी खाली बसलो. तुझ्या देवावर सोपवलं म्हण. सोपवलं म्हणजे दात आवळून बसलो. आतून जळत होतो, आजही जळतो आहे. श्रद्धा वगैरे काही वाटत नव्हतं.

मला काढून टाकणार होते. बाईच म्हणाल्या, "काढलंत तर हे घरी बसून स्वतःची कीव करतील. माझ्या खोलीत द्या. बादल्या धुवायला माणूस नाही." तर सध्या मी प्लास्टर कालवतो, बादल्या धुतो. सॉकेटला हात लावायचा नाही. माझ्या टेबलावर मीच शिकवलेला माणूस बसतो आणि काही हवं असलं की माझ्याकडे न बघता मागतो.

हे सगळं सोसेन. पण गुडघ्याचं अजून काही ठरत नाही. पू येतोच आहे. महिनाअखेर बघू, असं डॉक्टर म्हणतात. मी देवाला म्हटलं, माझं नाव गेलं, काम गेलं, आता तिचा गुडघा ठेव. म्हणता म्हणता लक्षात आलं की मी सौदा करतो आहे, आणि माझ्याजवळ द्यायला काही उरलेलं नाही. मग नुसता बसून राहिलो. तिची आई अजून रोज सकाळी बाकावर येते. आता मी खिडकीत नसतो, तरी तिकडेच बघते.

गुडघा गेला तर मी काय करू, ताई? मला खरंच माहीत नाही.

ठोकळ्या

२२ एप्रिल

ठोकळ्या,

तुझं अक्षर बघून मी पोस्टमनला आत बोलावून चहा पाजला. तो बिचारा घाबरला.

गुडघा गेला तर तू काय करशील, हे मलाही माहीत नाही. राहील, असं मी लिहिणार नाही. रोज मागते आहे, तूही माग. सौदा नको करूस, नुसतं माग. लहान मूल मागतं तसं, लाज सोडून.

बोलणी खाण्याबद्दल मात्र मला थोडं कळतं. तीन वर्षं मी यांना कुशीवर वळवते आहे. रोज ऐकते: ओढतेस, आदळतेस, हात गार आहेत, मुद्दाम करतेस. मुद्दाम कशाला करीन मी? पहिलं वर्ष मी एकेका शब्दाला उत्तर दिलं. दुसऱ्या वर्षी गप्प बसले, पण भांडी आपटायची. एकदा असंच तणतणत देवासमोर बसले आणि माझेच हात एकमेकांना लागले. बर्फासारखे होते रे. माणूस खरं बोलत होता. मुद्दाम करतेस हे खोटं, ओढतेस हे अर्धं खोटं, पण हात गार हे शंभर टक्के खरं. तेव्हापासून आधी कोमट पाण्यात हात धरते, मग वळवायला जाते. हे अजूनही शिव्या देतात. पण हातांबद्दल नाही.

मुद्दाम करत नाही, हे देवाला माहीत आहे. ते मी त्याच्याकडे ठेवलं. त्यामुळे हात गरम करायला मी मोकळी झाले. मला एवढंच जमतं. तुझी दारूची गोष्ट तशीच त्याच्याकडे ठेव. तिचं काय करायचं ते तो बघेल, आज बघेल नाहीतर दहा वर्षांनी. तू बादल्या धू.

बाईंचं पत्र आलं. एकच ओळ आहे. 'पत्र पोचलं.' मी ते देवाजवळ ठेवलं आहे.

ताई

१२ जून

ताई,

मे महिन्यात तुला नुसती कार्डं टाकली, 'जखम तशीच', 'जखम तशीच', आणि शेवटी 'गुडघा राहिला'. त्या कार्डावर दुसरं काही लिहिता आलं नाही. पाय मात्र आणखी दोन बोटं कापावा लागला, पूर्वीपेक्षा चार बोटं आखूड झाला आहे. हे मी केलेलं आहे आणि ते भरून येणारं नाही.

काल ती माप द्यायला आली. पायाशिवाय, रबरी बुडाच्या कुबड्यांवर. त्यामुळे जिन्यावर टकटक नव्हती. ती वर आली हे कोणाला कळलंच नाही. मी बादलीत प्लास्टर कालवत होतो, मान वर केली तर दारात ती आणि आई. आई बाईंना म्हणाली, "हा माणूस खोलीत नको." मी हात पुसून निघालो.

मुलगी म्हणाली, "राहू दे त्यांना. लिहायला."

आईने तिच्याकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "माप मी घेणार, बाईंबरोबर. आकडे मी वाचणार. त्यांनी लिहायचं."

ती उभी राहिली. मी सवयीने तिच्या पुढ्यात खाली बसलो, खांदा तिच्या हाताशी येईल असा. ताई, तिने खांद्याकडे बघितलं, आणि दांड्या धरल्या. दोन्ही हातांनी. मी उठून फॉर्म घेऊन टेबलापाशी गेलो.

ती एकेक आकडा वाचत होती, मी लिहीत होतो. मध्येच म्हणाली, "दाखवा." मी फॉर्म दाखवला. तिने बोट ठेवून प्रत्येक आकडा तपासला. मग विचारलं, "मागच्या वेळी काय लिहिलं होतं?"

"खोटं," मी म्हणालो. "तुझं माप घेतलंच नव्हतं."

"मला वाटलं माझाच पाय चुकीचा वाढला."

"नाही. पाय बरोबर वाढला होता. मी चुकलो."

तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला तोंड लपवायला जागा हवी होती आणि तिथे तशी जागा नव्हती. मी तसाच उभा राहिलो. तुझा देव तिथे होता की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण मी तिथून पळालो नाही, एवढं लिहितो.

बाई म्हणाल्या, "प्लास्टरची पट्टी द्या." पट्टी पाण्यात बुडवून द्यायची असते. नळाचं पाणी गार होतं. मला तुझे हात आठवले. मी स्टोव्हवर पाणी कोमट केलं, बोटं घालून बघितली, मग पट्टी भिजवली. बाईंनी ती तिच्या पायावर ठेवली. तिने दचकून पाय आखडला नाही. दरवर्षी आखडायची आणि मी म्हणायचो, एवढ्याने काय होतं?

साचा निघाला. नंतर तिला माझ्या जुन्या टेबलामागची फळी दिसली. "हे सगळे माझे?" मी हो म्हणालो. तिने पहिला मुठीएवढा साचा उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि आईच्या पिशवीत टाकला. उरलेले सहा दाखवून म्हणाली, "हे फोडा. नाहीतर कोणीतरी परत वापरेल."

बाईंनी हातोडी आणून दिली. मी ते सहाही तिच्यासमोर फोडले. शेवटच्यावर मी चढवलेला थर आधी वेगळा निघाला, नंतर आतला साचा फुटला. त्या एका घावाला मला फार वेळ लागला. तुकडे गोळा केले, फरशी पुसली.

निघताना ती दारात थांबली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ह्या वेळी टोचलं तर मी ओरडणार आहे."

मी म्हणालो, "ओरड."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर ओरड. पहिल्याच दिवशी ओरड."

तिने मान हलवली आणि कुबड्या टेकत जिना उतरायला लागली. आई माझ्याजवळून तिच्यामागे गेली. आज सकाळी बाक रिकामा होता.

नवा पाय पंधरा दिवसांत तयार होईल. चढवतील तेव्हा मला खोलीत येऊ देतील की नाही, ठाऊक नाही. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, बघू. मी बादल्या धुऊन ठेवल्या आहेत. तू माग माझ्यासाठी. मीही मागतो आहे, लाज सोडून. टोचू नये, असं मागतो. आणि टोचलंच, तर तिने ओरडावं.

भावोजींना नमस्कार.

तुझा
ठोकळ्या